सेलूचे स्टेअरिंगवाले मिस्त्री

गाडीला हात लावण्याआधी साबणाने हात धुणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. सेलूच्या बसस्थानकामागे त्यांचं टिनाचं शेड होतं. हात धुऊन, पुसून ते गाडीत बसत आणि इंजिन बंद असतानाच दोन बोटांनी स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत, डोळे मिटून. मग इंजिन सुरू करून पुन्हा तसंच. "हाताले तेल असलं का स्टेअरिंग काय म्हनून राह्यलं ते समजत नाई," असं त्यांचं म्हणणं.

पॉवर स्टेअरिंगच्या दुखण्यासाठी पार केळझरहून लोक त्यांच्याकडे येत. गाडीखाली ते पांढरं फडकं पसरायचे, त्यावर पडलेल्या डागाचा रंग बघायचे, बोटावर घेऊन वास घ्यायचे. आणि मालकाने काय काय उद्योग केले ते कळल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. पवनारचा एक भाजीवाला म्हणाला होता, "मिस्त्री, मी तं नुसतं बॉनेट उघडून पाह्यलं."

"पाह्यल्यानं नट ढिला होते काय बे? डोये हायेत का पाना?"

तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचे उपचार नागपूरला चालू होते. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन असे, आणि तारीख चुकवायची नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्याच दिवसांत आमच्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग वळताना कण्हू लागलं. स्टेअरिंगच्या तेलाची डबी अर्धी झालेली दिसली. घरात ब्रेक ऑइलची बाटली होती. मी तीच ओतली. गाडीचं पुस्तक कपाटात होतं. मूळ ग्रंथ वाचा, असं मुलांना जन्मभर सांगणाऱ्या मला ते काढायचा कंटाळा आला. दोन दिवसांनी वाचलं, तेव्हा चूक कळली. कण्हणं वाढलंच होतं. इंजेक्शनच्या आदल्या दुपारी मी सेलू गाठलं.

मिस्त्रींनी फडक्यावरचा थेंब बोटावर घेतला. "सर, वरून काई टाकलं?"

शेडमध्ये तीन-चार माणसं उभी होती. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. मी म्हणालो, "त्याचंच तेल. थोडंसं."

त्यांनी पुन्हा वास घेतला. "जरासा येगळा येते. पन सर म्हनून राह्यले तं तेच असन." मग पंपाचा पट्टा कसला, नळीची क्लिप बदलली, तेल भरलं, बाजारातून एक चक्कर मारून आले. "उद्या वहिनीले घेऊन बिनधास्त जा."

त्याच संध्याकाळी एकटा घरी परतताना पवनारच्या अलीकडच्या वळणावर स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. समोरून एसटी येत होती. अंगातलं सगळं बळ लावून मी ते ओढलं. हॉर्न कानाजवळून गेला आणि गाडी कडेच्या मुरमात जाऊन थांबली. कितीतरी वेळ मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत बसलो. मग मिस्त्रींना फोन केला, पण फक्त गाडी बंद पडल्याचं सांगितलं.

ते स्कूटरवरून आले. वाकून गाडीखाली पाहिलं आणि उभे राहून त्यांनी चक्क हात जोडले. "माफ करा सर. पट्टा बराबर कसला नसन मी. मानूस मेला असता माह्या हातून."

तेव्हाही गप्प राहता आलं असतं. चूक आपलीच, असं ते मानून चालले होते.

"मिस्त्री, मी त्यात ब्रेक ऑइल टाकलं होतं."

"कवा?"

"चार दिवस झाले."

"मंग दुपारी काऊन नाई सांगितलं?"

ते मुरमात उकिडवे बसले. "रबर फुगलं असन सारं. तेल गयलं, पंपात हवा शिरली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनीले मालूम हाये?"

"नाही."

"आधी त्यायले फोन लावा. उद्या या गाडीत त्या बसनार होत्या, मी नाई. तवरक मी हात लावत नाई."

मी फोन लावला. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊंना द्या." फोन मी स्पीकरवर टाकून मधे धरला. "मिस्त्रीभाऊ, गाडी ठेवून घ्या. आणि यांच्याजवळच्या सगळ्या बाटल्यापण."

"हो वहिनी, जप्तच करतो," म्हणताना ते हसले आणि मग मान फिरवून त्यांनी बाहीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेव्हण्याची गाडी घेऊन दारात हजर होते. इंजेक्शन होईपर्यंत दवाखान्याबाहेर थांबले. आमची गाडी दोरी बांधून भर बाजारातून शेडमध्ये नेली होती. तिच्या साऱ्या नळ्या धुऊन, सगळी रबरं बदलून तिसऱ्या दिवशी त्यांनी ती परत दिली. त्या दुपारबद्दल माझ्याशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

या फेब्रुवारीत ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. जलदान विधीला आम्ही दोघं गेलो. पत्नी आता बरी आहे. बुद्धवंदना झाल्यावर शेजारी बसलेले एक म्हातारे मिस्त्री हळूच म्हणाले, "लई बारीक कामाचा हात होता, सर. तुमच्या गाडीचा तेवढा पट्टा ढिला राह्यला त्याच्यानं. तवापासून चार जुने गिऱ्हाईक सुटले."

मला आधी कळेना. मग दोरीने ओढत नेलेली गाडी आठवली, आणि बाजारात तिच्याभोवती जमून मिस्त्रींना काय झालं विचारणारी माणसं.

मिस्त्रींच्या पत्नी जवळच होत्या. "मी इचारलं तं मलेही तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हने, चुकलो वो मी."

माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिलं. कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं समोरून विचारत होते. मी रात्रभर बसून लिहिलेली दोन पानं खिशात होती. ती तिथेच राहू दिली. उठलो. सेलूचे सगळे मिस्त्री समोर बसले होते.

"त्या दिवशी पट्टा घट्टच होता," मी म्हणालो.