आप्पांनी जोडलेली पानं

कोरेगाव भीमाच्या आमच्या ऑफिसात साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बनतं. काट्यावरचं वजन कॉम्प्युटरपर्यंत आणणारा भाग मात्र एका परदेशी कंपनीचा. त्याचं मॅन्युअल ऑफिसातल्या तिन्ही टीमनी आपापल्या मशीनवर वेगवेगळं उतरवून ठेवलेलं. मी केडगावची, नोकरीत नवीन. दोन दिवस माझ्या स्क्रीनवर वजनच येईना. शेवटी आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, शिरूरकडचे, ज्यांना सगळे आप्पा म्हणायचे, ते शेजारी येऊन बसले. माझं मॅन्युअल जुनं निघालं. नवं बाजूच्याच टीमकडे होतं.

आप्पा कुणावर रागावले नाहीत. आठवडाभर खपून त्यांनी सगळ्यांकडची मॅन्युअलं एका सामायिक फोल्डरमध्ये आणली आणि प्रत्येक मॅन्युअलला स्वतः लिहिलेलं एक पान जोडलं. कुठलं व्हर्जन, कोणती टीम वापरते, कुठं अडलो. एका पानावर होतं, 'यातलं तिसरं उदाहरण चालत न्हाई. माझे दोन दिवस गेले, तुमचे घालवू नका.' काम नसतानाही मी ती पानं वाचत बसायचे.

पत्नीचं दुखणं वाढलं तेव्हा आप्पा नोकरी सोडून गावी गेले. मग नवी सिस्टीम आली. मॅन्युअलं तिच्यात गेली. आप्पांची पानं अधिकृत नाहीत म्हणून काढून टाकायचं मीटिंगमध्ये ठरलं. मी तिथंच होते. गप्प राहिले.

यंदा एका कारखान्याचा जुना काटा काही केल्या वजन देईना, आणि परदेशी कंपनीनं त्या व्हर्जनची माहिती वेबसाइटवरून काढून टाकलेली. आमच्याकडच्या मॅन्युअलनं भागेना. मी आप्पांना फोन लावला आणि आधी पानं पुसल्याचं सांगून टाकलं.

"आसू दे," ते म्हणाले. "लिहून घे."

एकेक पायरी त्यांना तोंडपाठ होती. काटा सुरू झाला. मी आभार मानायला पुन्हा फोन केला, तर त्यांनी विचारलं, "आता डबा कुणासंगं खातीस?"

"एकटीच, आप्पा. बाकीचे घरून काम करतात."

त्यांनी सांगितलेलं मी कुणाला न विचारता नव्या सिस्टीममध्ये लिहिलं. त्यांच्या बोलीत लिहून पाहिलं, पण जमेना. सगळं ऑफिसच्या पत्रासारखं उतरत होतं. तरी तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या टीममधल्या एकीनं त्याखाली लिहून विचारलं, हे कुणी शोधून काढलं?

मी 'आमचे आप्पा' एवढंच लिहिलं. ती त्यांना कधी भेटलेली नव्हती.