बटणावरचा हात

खांबाच्या ताईंना राग येत नसे. राग त्यांच्याकडे मुक्कामालाच होता. गेल्या काही दिवसांपासून तर त्याने चांगले हातपाय पसरले होते.

गावाबाहेरच्या पाणथळ माळावर रेडिओचा उंच लोखंडी खांब आणि पायथ्याशी यंत्राची खोली. ओली जमीन लहरींना मानवते, म्हणून ताईंच्या वडिलांनी, बाबांनी, हीच जागा धरली. खांब सगळ्यांना दिसतो. पण त्याच्या चहूकडे जमिनीत तांब्याच्या तारा पुरल्यात, त्या नसत्या तर तो नुसता कावळ्यांनी बसायचा दांडा. त्यांच्यासाठी चर खणले ते ताईंनी, गुडघाभर चिखलात उभं राहून. धाकटी बहीण तेव्हा बांधावर बसून गाणी म्हणत होती.

मग बाबांनी वाटणी केली. "हिचा गळा गोड, तुझा हात स्थिर." गळा गावातल्या स्टुडिओत गेला, नावारूपाला आला. हात माळावरच राहिला. बाबांच्या माघारी दोघींचं बोलणं तुटलं, तरी धाकटीचा आवाज रोज सकाळी तारेवरून ताईंच्या खोलीत यायचा. ताई बटणाने तो कमीजास्त करून खांबावर पाठवायच्या. फार चढला तर यंत्र धाडकन बंद पडतं, फार पडला तर गावाला नुसती खरखर ऐकू येते. घशाच्या ऑपरेशननंतर धाकटीला खोकल्याची ढास लागू लागली. आधी एक ओढलेला श्वास यायचा. तो ऐकू आला की ताईंचं बोट बटण खाली करायचं, ढास गेली की वर. गावाने तिचा खोकला कधी ऐकलाच नाही.

आणि रेडिओ केंद्राच्या वाढदिवशी या बाईने केंद्राचा इतिहास सांगितला. बाबा, खांब, पहिला दिवस, सगळं आलं. मध्येच लागलेली ढाससुद्धा ताईंनी इमानाने झाकली. पण ताईंचं नाव? छे! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बटण मध्यावर ठेवलं आणि हाताची घडी घातली. घे, कळू दे गावाला तुझा गोड गळा!

गावाला कळलं. खोकला, धाप, घरघर, सगळं घरोघर पोचलं. "बहीण आजारी आहे का हो?" वाण्याने विचारलं. ताईंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही राग आला. मग केंद्राच्या मालकांचा फोन आला.

"बाईंचं काही खरं नाही. उद्या मी स्वतः ऐकणार आहे. पुन्हा खोकल्या तर घरी बसवतो."

"मला काय सांगता?" ताईंनी फोन आपटला.

संध्याकाळी धाकटीच माळावर आली, काखेत टेपरेकॉर्डर घेऊन. "ऐक," एवढंच म्हणाली. टेप वाढदिवसाची होती, स्टुडिओतली, म्हणजे ताईंच्या बटणाआधीची.

"तारा पुरल्या त्या..." ओढलेला श्वास. मग ढास, आणि ढासेतूनच, अडखळत, "...माझ्या ताईने. चिखलात उभं राहून. मी नुसती गाणी म्हणत होते." मग मोकळा आवाज, "आणि खांब उभा राहिला."

ताई स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या. त्यांचं नाव त्यांनीच खाली केलं होतं.

"तेव्हाच सांगायला तोंड नव्हतं?"

"तू बोलतेस कुठे माझ्याशी? मला वाटलं, नाव मुद्दाम गाळलंस. उद्या पुन्हा सांगणार आहे. हात आवरून ठेव."

"ते नाव घेताना गळा दाटून येतो तुझा. उद्या मालक ऐकतोय. खोकलीस तर हाकलेल."

"हाकलू दे."

"आडमुठी कुठली!"

"आणि तू गं?"

सकाळी बातम्या संपल्या आणि धाकटीने खरंच इतिहास काढला. ताईंनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. त्यांना ते नाव ऐकायचं होतं, गावालाही ऐकवायचं होतं, सगळ्या आयुष्यात एवढं एकच हवं होतं.

"तारा पुरल्या त्या..."

श्वास ओढला गेला.

मांडीखालचा हात सुटला आणि त्याने बटण खाली केलं.

"कार्टे!" ताई रिकाम्या खोलीत ओरडल्या. "मेले, हट्टी कुठली! एवढं एक नाव एका दमात घेता येत नाही तुला?" डोळे वाहत होते, शिव्या चालू होत्या, पण नजर आवाज मोजणाऱ्या काट्यावरून हलली नाही. ढास संपली, तसं त्यांनी बटण वर केलं.

"आणि खांब उभा राहिला," गावाने ऐकलं.