तांब्याच्या हंड्यातला समुद्र

मालन रडली नाही, याचीच मला धास्ती वाटते आहे. लहानपणी पेन्सिलीचं टोक मोडलं तरी घर डोक्यावर घेणारी माझी मुलगी आज साताऱ्याहून फोनवर आधी एवढंच म्हणाली, "आई, टाकीतलं सगळं मेलं. आबांना सांग, रविवारी येते. सामानासकट." आमचे फोन खालच्या मजल्यावर बशीरभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात येतात. रिसीव्हर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं.

मालन साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर आहे, हंगामी. विद्यापीठाची समिती उन्हाळ्याच्या सुट्टीआधी येणार आहे. तोपर्यंत प्रयोगशाळेत जिवंत प्रवाळाची टाकी उभी राहिली, तर तिला कायम करू, असं विभागप्रमुख म्हणाले होते. पैसे मात्र कॉलेजकडे नव्हते.

मग तिने टाकीच्या तीन बाजू सिमेंटच्या केल्या आणि समोर एका हलवायाच्या मोडीत निघालेल्या कपाटाची काच बसवली. नव्या सिमेंटचा दाह जावा म्हणून कितीतरी दिवस पाणी भरत आणि ओतत राहिली. माधवनगरच्या गिरणीतून ॲसिडचे रिकामे काचेचे बुधले मी मिळवून दिले. ते तिने हात सोलवटेपर्यंत धुतले. रत्नागिरीच्या एस.टी.चा ड्रायव्हर वजीर त्यांतून समुद्राचं पाणी आणायचा. "बाई, साताऱ्यात मिठागर काढताय का काय?" म्हणायचा, पण थेंब सांडू द्यायचा नाही. प्रवाळ चिकटलेले दगड तिने ओहोटीला पाण्यात उतरून स्वतः उचलून आणले.

दिवाळीनंतर मी बघायला गेले. पेढ्यांच्या त्या काचेमागे, करड्या दगडावर, करंगळीच्या टोकाएवढी हिरवट फुलं उमलली होती. "फुलं नाहीत आई, तोंडं आहेत," मालन म्हणाली. "हळू बोल." आत जणू बाळ झोपलं होतं.

इकडे तिचे आबा म्हणायचे, "लोकांच्या पोरी संसार सांभाळत्यात, आमची दगडं सांभाळती." पलूसचं फौजेतलं स्थळ त्यांनी वर्षभर धरून ठेवलं आहे.

कसं मेलं ते मी फोनवर खोदून विचारलं, तेव्हा कळलं. गेल्या आठवड्यात मालन परीक्षेच्या कामाला कऱ्हाडला गेली. खोलीवर समुद्राच्या राखीव पाण्याचा बुधला होता, त्याला तडा गेला. घरमालकीण हरणाबाईंनी ते पाणी वाया जाऊ दिलं नाही. तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखीत केला, पाणी त्यात भरून ठेवलं, हंड्याला हळदकुंकू लावलं. दोन दिवसांनी वजीरने दुसरा रिकामा बुधला आणून दिला, तेव्हा त्यात ओतलं. मालनने परत येऊन तेच पाणी टाकीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी तोंडं मिटलेली होती. पुढे दगडांवर नुसता बुळबुळीत थर उरला.

त्याच दिवशी संध्याकाळी हरणाबाईंनीच कौतुकाने सांगितलं, "पोरी, समुद्र म्हंजी द्येव. तेला असंतसं भांडं चालतंय व्हय? लय निगुतीनं तांब्यात ठिवला हुता."

खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं आणि प्रवाळाला ते विष असतं. मालनने हरणाबाईंना ते सांगितलं नाही. "बरं केलंत मावशी," म्हणाली.

कॉलेजात विभागप्रमुखांनी टाकीत वाकून पाहिलं. "बाई, मीठ जास्त पडलं वाटतं!" सगळे हसले. तिथेही ती गप्प. मी फोनवर चिडले, तर म्हणाली, "काय सांगायचं होतं, आई? घरमालकिणीच्या हंड्यानं घात केला म्हणून? मग आणखी हसले असते."

मी घरी येऊन यांना सांगितलं. यांनी चहाची बशी खाली ठेवली. "ब्येस झालं. मासं मेलं, पोरगी सुटली. उद्या पहिल्या गाडीनं पलूसला जाऊन सांगतो." टाकीत मासा एकही नव्हता. वर्षभरात त्यांना एवढंही विचारावंसं वाटलं नाही.

खरं तर ती परत यावी म्हणून मी किती नवस बोलले. एकटी पोर, परका गाव, संध्याकाळ झाली की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आता ती येणार, आणि मला घास गिळवत नाही. लग्नानंतर या घरात माझ्या बी.ए.चा उपयोग दुधाचा हिशेब लिहिण्यापुरता झाला. "बरं केलंत" म्हणून गिळून टाकायची सवय तिला कुणाची लागली, तेही मला ठाऊक आहे.

गिरणीत अजून बुधले पडून आहेत. वजीरची गाडी चालूच आहे. सिमेंटात तांबं मुरलं असेल, तर टाकी नवी बांधावी लागेल. बांधू.

उद्या दुकान उघडायची वाट बघणार नाही. हे पलूसच्या गाडीसाठी निघायच्या आत, दुकानामागे राहणाऱ्या बशीरभाईंचं दार वाजवीन, हरणाबाईंच्या शेजारच्या डॉक्टरांकडे ट्रंक कॉल लावायला सांगीन, आणि मालन फोनवर आली की म्हणेन, रविवारी येऊ नकोस.