सहा बद्द नांगर

जॅबेझ बिलिंगहॅमने समुद्र कधी पाहिला नव्हता. इंग्लंडातल्या क्रॅडली गावात कुणीच पाहिला नव्हता. तिथून समुद्र कुठल्याही दिशेने गेलं तरी चांगला चार दिवसांच्या पायपिटीवर, आणि गावात पाणी म्हणायचं ते कालव्याचं. त्यातल्या नावा घोडे ओढत. नाव थांबवायची असली की घोड्याला थांबवत. अशा गावात पिढ्यान् पिढ्या जहाजांचे नांगर घडत होते, आणि ही गोष्ट विचित्र आहे असं तिथे कुणाला वाटत नव्हतं.

डॉब्सच्या कारखान्यात जॅबेझचं काम होतं ऐकण्याचं. नांगर घडून थंड झाला की ओझी उचलायच्या यारीला साखळीने टांगायचा, जमिनीपासून हातभर वर. मग जॅबेझ सात पौंडी हातोडा घेऊन यायचा आणि नांगराच्या मधल्या दांडीवर, दोन्ही हातांवर, फाळांवर एकेक ठोका द्यायचा. खणखणीत नाद आला, तर लोखंड आतून एकसंध. बद्द वाजला, तर कुठेतरी भेग आहे, राख अडकली आहे, सांधा नुसता वरून चिकटला आहे. खणखणीत नांगरावर तो कोटाच्या आतल्या खिशातून पोलादी ठसा काढून एक छोटी घंटा उमटवी. लिव्हरपूलचे जहाजमालक ती घंटा बोटाने चाचपून मगच माल घेत. गावातल्या बोलण्यातही हा शब्द शिरला होता. खोटं बोलणारा माणूस बद्द, पाणी घातलेली बिअर बद्द, आणि लग्न मोडलं की कुणीतरी म्हणायचंच, "अगं, पहिल्या दिवसापासून बद्द वाजत होतं ते."

हा कान त्याने सांभाळला होता. सतराव्या वर्षी घणकरी म्हणून लागला तेव्हा पहिल्याच दिवशी तो हंसाच्या चरबीत भिजवलेली लोकर कानात कोंबून गेला होता. वीस घणकरी पोट धरधरून हसले होते. तीस वर्षांनी ते वीसही जण ठार बहिरे झाले होते आणि जॅबेझला चॅपलमध्ये मागच्या बाकावरच्या माणसाच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती. या देणगीचा त्याला आनंद होता असं नाही. ऐकण्यासारखं जगात फारच थोडं आहे, असं त्याचं मत होतं.

एकूणच त्याला बहुतेक गोष्टींचा वीट होता. उकडलेल्या करड्या वाटाण्यांत खारवलेल्या डुकराचे तुकडे कमी पडले की वीट, जास्त पडले की "आज काय कुणी मेलं का?" पण खरा, मनापासूनचा, पोटातून वर येणारा तिटकारा त्याने राखून ठेवला होता तो सुधारणांसाठी. गेल्या दहा वर्षांत देशातल्या प्रत्येक रिकाम्या माणसाने नांगर सुधारायचं मनावर घेतलं होतं. एका पाद्र्याने बागेतलं खुरपं बघून नांगर शोधून काढला होता. एका निवृत्त न्यायाधीशाने चार हातांचा नांगर काढला. तो टांगल्यावर उलट्या लटकवलेल्या मांजरासारखा दिसे. एकाच्या नांगराला फाळांऐवजी कोळसा ओढायची फावडीच होती. सगळ्यांकडे निळ्या कागदावरची चित्रं होती आणि सरकारी शिक्क्याचा हक्कलेख, म्हणजे पेटंट, होता.

"समुद्राच्या तळाला जाऊन आलाय का यातला कुणी?" जॅबेझ विचारायचा.

"तू तरी आलायस का?" सायलस हॅडन म्हणायचा. सायलस भट्टीचा मुकादम, जॅबेझचा चाळीस वर्षांचा सोबती, आणि अर्थातच बहिरा. त्यामुळे त्यांचं संभाषण कालव्याच्या पलीकडच्या लोकांनाही पाठ होई.

त्या वर्षीची सुधारणा कॅप्टन पेनिंग्टन नावाच्या गृहस्थाची होती. जुन्या नांगराचे दोन हात दांडीच्या बुडाशी तापवून, घणांनी ठोकून कायमचे जोडलेले असत. या कॅप्टनचा नांगर म्हणजे दोन्ही हात मिळून एकच वाकवलेली कमान, आणि ती दांडीच्या दुभंगलेल्या टोकात जाड खिळीवर डुलणारी. एक हात तळात रुतला की दुसरा आपोआप दांडीला टेकून बसतो, म्हणजे दोर त्यात अडकत नाही, असं कॅप्टनचं म्हणणं. मेलबर्नला स्थलांतरितांना घेऊन जाणाऱ्या जहाजांसाठी असे सहा नांगर मागवले होते. लिव्हरपूलवाल्यांची एकच अट: घंटेची खूण हवी.

सोमवारी सकाळी पहिला नांगर टांगला. जॅबेझने खाली वाकून त्याचे डुलणारे हात पाहिले, एखाद्याच्या ताटात उष्टं पाहावं तसे. हातोडा उचलला. ठोका दिला.

बद्द.

दुसरा ठोका. बद्द. कमानीवर दिला; बद्दच, वर थोडी खुळखुळ. दुसरा नांगर टांगला. तिसरा. दुपारपर्यंत सहाही झाले. खडूची फुली सहांवरही पडली.

"सहाच्या सहा?" मालक डॉब्स धावत आले. जाडजूड माणूस, धावताना पोट अर्धा हात मागे राहायचं. "अरे, एखादा समजू शकतो!"

"सडकं लोखंड आहे, मालक. फुटक्या मडक्यासारखं वाजतंय. परत भट्टीत घाला."

सायलस नुसता हातातल्या चिमट्याकडे पाहत राहिला. जॅबेझच्या ते लक्षात आलं; पण त्याचा अर्थ त्याने असा लावला की म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं.

मंगळवारी कॅप्टन पेनिंग्टन स्वतः आले. उंच, हडकुळे, स्वच्छ नखांचे. फुल्या पाहून त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग जॅबेझने एक ठोका देऊन दाखवल्यावर मोठ्यांदा हसले.

"अहो मिस्टर बिलिंगहॅम, त्यात खिळी आहे! घंटेला हात लावून धरला की ती वाजते का? सांधा डुलता आहे, नाद तिथेच मरतो. लोखंडाचा काय दोष?"

भट्टीसमोर उभे असलेले सगळे घणकरी हे शब्द ऐकू न येताही समजले. कारण जॅबेझचा चेहरा. मग हशा उसळला. कुणीतरी भाकरीच्या तव्यावर चमचा आपटून कानाशी नेला आणि "बद्द! परत भट्टीत घाला!" असं ओरडलं. एकाने आपल्या गुडघ्यावर ठोका देऊन डोकं हलवलं. एकोणतीस वर्षं नादावर जगलेला माणूस एका खिळीने फसला होता. पोरसवदा घणकऱ्यालाही सुचावी अशी गोष्ट त्याला सुचली नव्हती. सुचली नव्हती याचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. आधीच किळस आली असली की माणूस तपासत नाही.

"चला, मिटला प्रश्न," डॉब्स म्हणाले. "उमटव घंटा. उद्या दुपारी नाव सुटतेय."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"काल मला बद्द वाजलं म्हणून मी खराब म्हणालो, ते चुकलं. आज काहीच ऐकू येत नाही, म्हणून चांगलं कसं म्हणू? घंटा म्हणजे मी ऐकलं. मी ऐकलेलं नाही."

"जॅबेझ, ठसा कारखान्याचा आहे. तुझ्या बापाचा नाही. उमटवणार नसशील तर इकडे दे. उमटवायला दुसरा हात मिळेल."

जॅबेझने खिशावर हात ठेवला. ठसा बायकोच्या जुन्या झग्याच्या चिंधीत गुंडाळलेला होता. क्षणभर त्याला वाटलं, द्यावा. अठ्ठावन्न वर्षांचं वय, घरी जाऊन कबुतरं पाळावीत. मग त्याला डॉब्सचा हात दिसला, पुढे केलेला, ओलसर, बोटं वळवळणारी. त्या हातात ती घंटा जाणार होती. त्याने कोटाचं बटण लावलं.

"खिळ्या काढा," तो म्हणाला. "दांडी वेगळी टांगा, कमान वेगळी टांगा. दोन्ही वाजली तर उमटवतो. सहाही नांगरांच्या काढा."

"खिळ्यांची डोकी तापवून ठोकलेली आहेत! काढायला परत तापवायला लागतील! वेड लागलंय का तुला?"

त्याच्या बाजूने कुणी बोलेल अशी जॅबेझची अपेक्षा नव्हती. बोलले ते कॅप्टन, आणि त्यामुळे त्याला मुळीच बरं वाटलं नाही.

"काढा, मिस्टर डॉब्स. खूण नसली तर लिव्हरपूलवाले माझा नांगर हातात धरणार नाहीत. शिवाय मलाही ऐकायचं आहे."

बुधवारी पहाटेपासून भट्टी लागली. पहिल्या नांगराची खिळी लाल करून हाणून बाहेर काढली. दांडी टांगली, गार होऊ दिली. जॅबेझने ठोका दिला. खणखणीत. ठीक. मग कमान टांगली.

तिचा नाद कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि थांबेचना. जॅबेझ हातोडा खाली धरून उभा राहिला. असा स्वच्छ आवाज त्याने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. त्याने पुन्हा ठोका दिला, जरा रागाने, काहीतरी दोष सापडावा म्हणून. कमान आणखी गोड वाजली. तिच्या मधोमध सांधाच नव्हता. एका अखंड गोळ्यातून ओढून वाकवलेली. जुन्या नांगराचा सगळा घोळ नेमका तिथे असे: दोन हात आणि दांडी एकत्र येतात त्या बुडाशी. तिथे लोखंड जाड, आतपर्यंत तापत नाही, राख अडकते. त्याने आयुष्यात जेवढ्या फुल्या मारल्या त्यातल्या बहुतेक तिथल्याच होत्या. कॅप्टनने तो सांधा सुधारला नव्हता. त्यांनी तो काढूनच टाकला होता.

"काय म्हणतो कान?" कॅप्टनने विचारलं.

"वाजतंय," जॅबेझ म्हणाला, कडू औषध गिळल्यासारखा.

पाच नांगरांचं असंच झालं. सहाव्याची खिळी तापायला लागली तसा जॅबेझने नाक वर केलं. मेणबत्तीचा वास. त्याच्या चॅपलमध्ये मेणबत्त्या लावत नसत. झग्यावाल्या पाद्र्यांची ती थेरं. पण वास नक्की मेणबत्तीचाच होता. दांडीच्या दुभंगलेल्या टोकाला खिळीसाठी जे भोक होतं, त्याच्या कडेतून एक काळा ओघळ हळूहळू उतरत होता. जॅबेझने तो काडीवर घेतला. मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस. लुकण. खिडकीच्या तावदानाला भरतात तसं लुकण, माणसांनी भरलेलं जहाज धरून ठेवणाऱ्या नांगराला. ओघळ संपला तिथे भेग दिसली. करंगळीचं नख आत जाईल एवढी.

जॅबेझने सायलसकडे पाहिलं. सायलस चिमट्याकडे पाहत होता.

"तू भरलंस?"

सायलसला ओठ वाचता येत होते. "भोक पाडताना चिरलं. मालक म्हणाले, भर. वर खिळी येतेय, कोण बघतंय. मी भरलं."

"वरून सोमवारी मला सडकं म्हणू दिलंस. मंगळवारी सगळ्यांना हसू दिलंस."

"सहाही सडके म्हणालास, त्यात हा एक होता ना! मला वाटलं, सगळेच परत भट्टीत जातील, सुटलो."

जॅबेझने हातातली काडी भट्टीत टाकली. चाळीस वर्षं शेजारी बसून भाकरी खाल्लेल्या माणसाकडे त्याने पाठ फिरवली.

डॉब्स म्हणत होते की एवढीशी चीर म्हणजे काही नाही, ती कातडीवरची आहे.  जॅबेझने यारीवाल्याला खूण केली. ती दांडी बारा फूट वर उचलली गेली आणि खालच्या लोखंडी पाट्यावर सोडली गेली. आवाज फार मोठा झाला नाही. ओलं लाकूड तुटावं तसा. दुभंगलेल्या टोकाची एक बाजू गळून पडली आणि पाट्यावर आडवी झाली; तुटलेल्या जागी लोखंड अर्धं चकचकीत, अर्धं मेणाने काळं.

सगळे पुढे सरकून वाकले. मग कॅप्टनने खिशातून वही काढली.

"उत्तम," ते लिहिता लिहिता म्हणाले. "जोडण्यापूर्वी प्रत्येक भाग वेगळा वाजवून पाहावा. ही परीक्षा मी हक्कलेखात घालतो. माझ्याच पद्धतीचा भाग म्हणायला हरकत नाही."

"मी तर केव्हापासून तेच सांगतोय," डॉब्स म्हणाले.

जॅबेझने चिंधी सोडली. पाच नांगरांवर घंटा उमटवल्या, दांडीवर एक आणि कमानीवर एक, म्हणजे दहा. प्रत्येक वेळी ठसा पुसला. सहाव्याची चांगली कमान होती. तिच्यावरही उमटवली, तिचा काही गुन्हा नव्हता म्हणून. मग ठसा गुंडाळून खिशात टाकला. परत मागायचं धाडस डॉब्सना झालं नाही. त्या दिवशी तरी नाही.

घरी आला तेव्हा त्याची बायको हेप्झिबा मागच्या झोपडीत खिळे पाडत होती. तिने हातोडीची लय न मोडता विचारलं, "मग? खराबच निघाले ना तुझे ते डुलणारे?"

"एक निघाला. पाच चांगले."

"चांगले म्हणजे किती चांगले?"

जॅबेझ पाण्याच्या पिंपाशी गेला, तोंड धुतलं, चूळ भरली, थुंकला. पुन्हा भरली, पुन्हा थुंकला. मेणाचा वास जात नव्हता.

"मी ऐकलेल्यातले सगळ्यात चांगले."

हातोडी थांबली. "मग तोंड असं का केलंयस, एरंडेल प्यायल्यासारखं?"

"बुडाशी तो सांधा असतो ना आपला. घणकरी होतो तेव्हा अकरा वर्षं मी तो ठोकला. हे दोन पाय त्यापायी भाजलेत. नंतर एकोणतीस वर्षं तो ऐकला. त्यापायी लोकांचं काम परत पाठवलं, शिव्या खाल्ल्या." तो थांबला. "तो जोडायचाच नव्हता, हेप्सी. नुसती एक खिळी घालायची होती."

हेप्झिबाने थोडा विचार केला. मग ऐरणीवरचा खिळा उचलला, त्याचं टोक पाहिलं आणि बादलीत टाकला.

"वाटाणे चुलीवर आहेत," ती म्हणाली. "आज मांस जास्त पडलंय."

"कुणी मेलं का?" जॅबेझने विचारलं, आणि जेवायला आत गेला.