सीमेवरच्या मित्राची भातलावणी

मंडळी, कंबर पार मोडलीय, तरी लिहितोय.

पालीचा माझा मित्र फौजेत आहे. युद्धामुळे त्याची सुट्टी रद्द झाली आणि घरची भातलावणी अडली. म्हणून आज सकाळी त्याच्या खाचरात अख्खी आळी उतरली. सगळ्यांत पुढे नाना, सत्तरी ओलांडलेले माजी सुभेदार.

"नाना, तुमी कशाला चिखलात?" वहिनी संकोचल्या.

"मी लढाईवर व्हतो, तवा माजं भात तुज्या सासऱ्यानंच लावलं व्हतं, सूनबाई."

वहिनींनी रोपांची जुडी नानांच्या हातात दिली.

मी भोरचा, ऑफिसात बसणारा. माझी ओळ वाकडीतिकडी गेली. रोपं उपटायला वाकलो, तर नानांनी अडवलं.

"ऱ्हाऊ दे तशीच. कापणीला त्यो यील, तवा बघून हसंल तरी."