पाहुण्यांसमोर चेंडू फेकायचे तेव्हा

"फेक ना मा, चॅम्पियन! पाहुणे थांबलेत," मॅनेजर सर त्यांच्या तमिळ ढंगात म्हणाले.

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमधल्या आमच्या कारखान्याची हिरवळ. दुपारचे बारा. समोर अमेरिकन ग्राहक, हातात शहाळी. मला काम सोडून बोलावलेलं. पायात सेफ्टी शूज, गणवेशावर चढवलेली जर्सी, हातात तो लांबुळका चेंडू. फेकला. खांद्यात कळ गेली, चेंडू अर्ध्यावरच पडला. मॅनेजर सर इंग्रजीत म्हणाले, "काळजी नको, आमचे पार्ट याहून लांब पोचतात!" सगळे हसले.

मीही हसले. त्याचीच जास्त लाज वाटते.

कॉलेजात मी फ्लॅग फुटबॉलची, म्हणजे बिनधक्काबुक्कीच्या अमेरिकन फुटबॉलची, क्वार्टरबॅक होते; चेंडू फेकणारी, डाव ठरवणारी. वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नसेल. मैदानावर मात्र आम्ही पाचजणी डोकी जोडून उभ्या राहायचो आणि कुणी कुठे धावायचं ते मी सांगायचे. शेवटच्या वर्षी खांदा गेला. खेळ संपला. इथल्या मुलाखतीत सरांनी माझे मार्क पाहिलेच नाहीत. "क्वार्टरबॅक? पाहुण्यांना आवडेल."

दोन वर्षं ट्रेनी. वायरिंगचे जोड तपासायचे, खोक्यावर माझ्या नंबरचा शिक्का मारायचा. कायम करण्याचं पत्र सरांच्या हातात. बाबा चेन्नईजवळच आवडी नावाच्या गावात सरकारी कारखान्यात फिटर, निवृत्तीला आलेले. मग राहतं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. म्हणून पाहुणे आले की मी जायचे. पाच वेळा गेले.

त्या दुपारी मी हिरवळीवर असताना टेबलावरचा माझा शिक्का कुणीतरी उचलला. ट्रक खोळंबला होता. न तपासलेली खोकी माझ्या शिक्क्यानिशी निघून गेली. पंधरा दिवसांत परत आली. जोड सैल.

सरांनी केबिनमध्ये कागद पुढे सरकवला. "माझ्या हलगर्जीपणामुळे" हे आधीच टाइप केलेलं.

"सर, तेव्हा मी बाहेर होते. तुम्हीच बोलावलं होतं."

"एन्नम्मा, काय गं हे, पाच मिनिटांची ती गंमत! सही कर. तुझं पत्र तयार आहे. खेळाडू ना तू? टीमसाठी एवढं कर."

क्वार्टरबॅकला एक सवय असते. कुणाच्याही हातून चेंडू सुटला तरी "चूक माझी" म्हणायची. म्हणजे पुढच्या वेळी ती मुलगी न घाबरता धावते. मी पेन उचललंसुद्धा.

मग सरांकडे पाहिलं. त्या खोलीत माझ्या टीमचं कुणीच नव्हतं.

टाइप केलेलं सगळं खोडलं. खाली लिहिलं, "त्या वेळी मी मॅनेजरांच्या आदेशावरून पाहुण्यांसमोर चेंडू फेकत होते. शिक्का मी मारलेला नाही." सही केली. झेरॉक्स काढून घेतली.

पत्र आलं नाही. बाबा जेवताना म्हणाले, "सही करायची होतीस गं. आता आपण जायचं कुठे?"

पण ती चूक मी माझ्या नावावर घेणार नाही. पाहुण्यांसमोर पुन्हा उभी राहणार नाही. मला काढायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागेल. तसं सांगायला सरांनी बोलावलं, तर ते कारण हातात पडेपर्यंत मी त्यांच्या केबिनमधून हलणार नाही.