सिस्टरमावशीचा देव आणि बहिणीचं स्थळ

माझ्या बहिणीचं लग्न जुळणार की मोडणार, हे एके काळी आमच्या शेजारणीच्या देवावर अवलंबून होतं. हे वाक्य मला स्वतःलाच जरा विचित्र वाटतं, पण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगावं ते सुचत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही डिंडोलीत, कापड मिलच्या कामगारांच्या वस्तीत राहत होतो. शेजारच्या खोलीत नगरकडच्या एक ख्रिस्ती बाई होत्या, खासगी दवाखान्यात नर्स. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, आई मला मावशी म्हणायला लावायची, म्हणून मी सिस्टरमावशी म्हणायचो. सुई टोचताना बाकीच्या नर्सा 'मुंगी चावेल' म्हणतात. या सांगायच्या, 'दुखणार आहे.' पोरं सुई दिसायच्या आधीच भोकाड पसरायची.

बहिणीला भेस्तानचं स्थळ आलं. मुलगा पांडेसऱ्यात, कापड रंगवायच्या मिलमध्ये कलर मास्टर. आईनं मध्यस्थाला सांगून टाकलं, मुलगी दहावी पास. खरं म्हणजे बहीण गणितात नापास झाली होती, आणि परत परीक्षेला बस म्हटल्यावर तिनं गणिताचं पुस्तक चुलीत घातलं होतं. स्वभावाचा अंदाज त्यावरूनच यावा.

आमच्याकडे पाहुणे मुलगी बघायला येतात ते नंतर. आधी मुलाचा मामा एकटा येऊन शेजारीपाजारी चौकशी करून जातो. आईनं सगळी गल्ली पढवून ठेवली. एकच घर राहिलं.

"मी खोटं सांगणार नाही, वहिनी," सिस्टरमावशी म्हणाल्या. "विचारलंच नाही तर काहीच सांगणार नाही."

"तुमना देवले पोरंबाळं नहीत का?" आई चिडून म्हणाली.

"होता ना. एकच मुलगा."

आई तडक घरी आली आणि मला म्हणाली, "तू कॉलेजले जास ना? मंग जाय, तिले समजाडी ये."

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तत्त्वज्ञान हा विषय मी घेतला होता, कारण त्या वर्गात बसायला जागा मिळायची. घरच्यांना मात्र तो वकिलीसारखा काहीतरी वाटायचा. योगायोगानं त्याच आठवड्यात सरांनी एक कोडं शिकवलं होतं. यातून अजून कुणी सुटलेलं नाही, असंही ते म्हणाले होते. मी तेच घेऊन गेलो.

सिस्टरमावशी मेथी निवडत होत्या.

"मावशी, देव सांगतो म्हणून खरं बोलणं चांगलं, की ते मुळातच चांगलं म्हणून देव सांगतो?"

"हे परीक्षेला आहे का?"

"हो."

"मग सरांना विचार, बाबा. मी आपली नर्स."

मी दुसऱ्या बाजूनं गेलो. "समजा, उद्या देवानंच खोटं बोला म्हटलं तर?"

"नाही म्हणणार."

"पण समजा..."

"कसं समजू? तो काय मिलचा शेट आहे, आज एक नियम, उद्या दुसरा? चांगलं म्हणजे त्याचा स्वभावच. तो खरा आहे म्हणून खरं चांगलं. आणि त्याचा स्वभाव बदलत नाही. माझा बदलतो. सकाळी प्रार्थना करते आणि दुपारी नळावर तुझ्या आईशी भांडते."

हे खरं होतं. मी म्हणालो, "मग एकदा, फक्त ताईसाठी..."

त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "हे बघ, मी चुकते आणि माफी मागते. काल त्यानं माफ केलं तर आजही करेल, या भरवशावर माझं चाललंय. त्यानं माझ्यासाठी जराही बदलू नये, आणि तुझ्या ताईसाठी मात्र थोडं बदलावं? मला नाही बुवा जमत."

मी मेथी निवडू लागलो. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "चर्चा चालू आहे."

मामा आले ते सरळ सिस्टरमावशींच्या दारात. ही आपल्यातली नाही, ही खरं सांगेल, असा त्यांचा हिशेब. आमच्या दोन्ही खोल्यांवर पत्रा एकच होता आणि मधली भिंत वरपर्यंत पोचलेलीच नव्हती. आम्ही तिघं भिंतीला कान लावून उभे.

"पोरगी दहावी पास ना, सिस्टर?"

"नाही. गणितात राहिली."

आई पिठाच्या डब्यावर बसली.

"आणि स्वभाव?"

"तापट. पण माझा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा माझं पाणी रोज तिनं भरलं. कुणी सांगितलं नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"कलर मास्टर शे..." मामा म्हणाले आणि थांबले. सिस्टरमावशी नुसत्या बघत असणार. त्यांच्या तशा बघण्यापुढे पेशंट आपणहून सांगायचे, गोळ्या गटारात टाकल्या म्हणून. "म्हणजे... मास्तरना हातखाले शे. बादल्या भरस. होईल मास्तर, होईल."

बहीण खो खो हसली.

"कोण हासनं?" पलीकडून मामा.

"तीच," सिस्टरमावशी म्हणाल्या.

आता संपलं, असं आम्हाला वाटलं. पण मामा आमच्या दारात आले, चहा मागितला आणि सगळी लपवालपवी एकदाची संपल्यासारखे ऐसपैस बसले. बहीण चहा देताना म्हणाली, "बादल्या भरणारा चालेल. मास्तर मला शाळेपासूनच नको." स्थळ ठरलं.

आई तरी सिस्टरमावशींशी बोलेना. बोलली ती थेट हळदीच्या दिवशी. सकाळपासून येणारी प्रत्येक बाई "काय रूप खुललंय पोरीचं" म्हणत होती आणि आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. सिस्टरमावशी ड्युटीवरून आल्या, दारातच उभ्या राहिल्या. आई त्यांच्यापुढे गेली.

"सिस्टर, कशी दिसस मनी पोर?"

मला वाटलं, कशाला विचारलं हिनं? सिस्टरमावशींनी चष्मा लावला आणि बहिणीकडे नीट, सावकाश पाहिलं.

"छान दिसतेय," त्या म्हणाल्या. "फार छान. हळद तेवढी कानात गेलीय, पुसा."

आईनं पदर उचलला. पण बहिणीचा कान तसाच राहिला, कारण पदर आधी आईच्याच डोळ्यांना लागला.